वजीर जास्त, तरी अर्धाच गुण? स्टेलमेटला बरोबरी धरावी का?

दादरचा_उंट | रविवार, रात्री १०:५२

आज मुलुंडला एका शाळेच्या हॉलमध्ये दहा वर्षांखालच्या मुलांची रॅपिड स्पर्धा होती. माझी नऊ वर्षांची भाची शेवटच्या फेरीत जिंकली असती तर पहिल्या पाचांत आली असती. पालकांना दोरीबाहेर उभं करतात, पण तिचा पट कडेलाच असल्याने मला सगळं दिसत होतं.

तिच्याकडे राजा आणि वजीर, समोरच्या मुलाकडे नुसता राजा. तिचा राजा एफ-६ला, वजीर जी-१ला, काळा राजा एच-८च्या कोपऱ्यात. चाल तिची. वजीर सरळ जी-७ला नेला की मात. तिने वजीर उचलला, वर नेला आणि एक घर अलीकडे, जी-६ला ठेवून घड्याळ दाबलं.

त्या मुलाला आधी काही कळलंच नाही. राजाच्या डोक्यावर बोट ठेवून तो एकेक घर बघत राहिला. जी-८ला वजीर, जी-७ला वजीर, एच-७लाही वजीर. शह मात्र नाही. म्हणजे स्टेलमेट: शह नसताना चालच न उरणं, त्याला बरोबरी धरतात. शेवटी त्याने हात वर केला. पंच आले, त्यांनी घड्याळ थांबवलं आणि चिठ्ठीवर अर्धा-अर्धा लिहिलं. भाची पटाकडेच बघत होती. हात मिळवायचा असतो हेही तिला त्या मुलाने हात पुढे केल्यावर आठवलं.

परतताना स्लो लोकलमध्ये खिडकीशी बसली होती. भांडुप, विक्रोळी गेलं, एक शब्द नाही. घाटकोपरला गर्दी चढली तेव्हा म्हणाली, "मामा, माझ्याकडे वजीर होता. त्याच्याकडे काहीच नव्हतं. मग दोघांना सारखे गुण कसे?"

मी म्हटलं, नियम आहे. पण हे काही उत्तर नव्हे, आणि तीस वर्षं खेळूनही मला याहून बरं उत्तर देता आलं नाही याचं वाईट वाटतंय. राजाला हलायला एकही घर उरलं नाही, याहून मोठी हार काय असते? माझं आजचं मत असं की स्टेलमेट हा कोंडणाऱ्याचा विजय धरावा. ते जमत नसेल तर निदान पाऊण-पाव गुण द्यावेत. तुम्हाला काय वाटतं, कारणांसकट लिहा. मला तिला उत्तर द्यायचंय.

वसईकर | रविवार, रात्री ११:२०

पूर्ण सहमत. लहानपणी आजोळी ओटीवर खडूने आखून वाघ-शेळ्या खेळायचो. शेळ्यांनी वाघाला चहूबाजूंनी घेरलं, त्याला हलायला जागा उरली नाही की वाघ हरला. शेळ्या वाघाला मारू शकत नाहीत, कोंडू शकतात, आणि तोच त्यांचा विजय. हे कुणी समजावून सांगावं लागत नसे. चिनी बुद्धिबळातही ज्याला चाल उरत नाही तो हरतो. मग आपल्याच पटावर कोंडलेल्या राजाला अर्धा गुण का?

काळा_घोडा | रविवार, रात्री ११:४१

वसईकर, वाघ-शेळ्यांत कोंडणं हेच शेळ्यांचं उद्दिष्ट आहे. तिथे दुसरा विजयच नाही त्यांना. बुद्धिबळाचं उद्दिष्ट नावातच सांगितलंय: शह आणि मात. राजावर हल्ला हवा आणि त्यातून सुटका नको, दोन्ही एकाच वेळी. स्टेलमेटमध्ये सुटका नाही हे खरं, पण हल्लाच नाही. शहच दिला नाही तर मात कसली?

आणि पन्हाळा आठवा. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्महिने होता. गड कोंडला होता, पण कोंडला म्हणून पडला असं कुणी म्हटलं नाही. वेढा घालणाऱ्यालाही काम पुरं करावं लागतं.

वसईकर | रविवार, रात्री ११:५५

पन्हाळ्याचं उदाहरण मला पटत नाही. महाराज वेढ्यातून निघून विशाळगडाला पोचले, म्हणजे वाट होती. त्या वाटेची किंमत बाजीप्रभूंनी घोडखिंडीत दिली. स्टेलमेटमध्ये वाटच नसते, आणि किंमतही कुणी देत नाही.

मीटरगेज | सोमवार, सकाळी ८:५८

ट्रेनमधून लिहितोय. तर्काच्या अंगाने उंटसाहेबांची बाजू तगडी आहे. राजा मारता येत नाही हा संकेत बाजूला ठेवा आणि कल्पना करा की राजाही इतर मोहऱ्यांसारखा मारता येतो. मग मात म्हणजे काय? काहीही खेळा, पुढच्या चालीला राजा जाणार. आणि स्टेलमेट म्हणजे? तेच! काहीही खेळा, पुढच्या चालीला राजा जाणार. फरक फक्त इतकाच की आपण डाव एक चाल आधी थांबवतो. अमेरिकन ग्रँडमास्टर लॅरी कॉफमन यांचं हेच म्हणणं आहे, आणि स्टेलमेटला बरोबरी म्हणणं त्यांना तर्काला सोडून वाटतं.

विश्वविजेते इमॅन्युएल लास्कर आणि नामवंत खेळाडू रिचर्ड रेटी हेही कोंडणाऱ्याला अर्ध्याहून जास्त गुण द्यावेत या मताचे होते. म्हणजे ही हरलेल्यांची तक्रार नव्हे, खेळ आतून ओळखणाऱ्यांना पडलेला प्रश्न आहे.

गिरगावकर_आजोबा | सोमवार, दुपारी १२:१५

उंटराव, तुमच्या भाचीचा प्रश्न वाचून मला आमच्या चाळीची गॅलरी आठवली. माझे आजोबा तिथे रोज संध्याकाळी पट मांडायचे, देशी नियमांनी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. राजाला शह बसलेला नसेल तर त्याला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. प्यादं ज्या घरात पोचेल त्या घरचा मोहरा व्हायचं, हवा तो वजीर मिळत नसे. स्टेलमेट हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. आजोबा म्हणायचे, "डाव कुजला." आणि ज्याने कुजवला त्याच्याकडे सगळे बघायचे, ज्याचा राजा अडकला त्याच्याकडे नव्हे.

समोरच्याची सगळी मोहरी मारून नुसता राजा उरवला तर त्याला बुर्जी म्हणायचे, आणि आमच्या गॅलरीत ती पुरी जीत धरत नसत. प्याद्याने मात केली तर मात्र खाली अंगणापर्यंत आवाज जायचा. किती मारलं यापेक्षा शेवट कसा केला, याला मान होता.

आता थोडा इतिहास, कारण मंडळी हा नियम जणू पहिल्यापासून असाच आहे असं धरून बोलताहेत. अरबांच्या शतरंजमध्ये कोंडणारा जिंकायचा, म्हणजे वसईकरांचा नियम. उलट इंग्लंडमध्ये सतराव्या-अठराव्या शतकात कोंडणारा चक्क हरायचा! ज्याचा राजा अडकला तो विजयी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅरट नावाच्या लंडनच्या नामांकित खेळाडूच्या आग्रहाने तिथे बरोबरीचा नियम रुळला. जीत, हार, बरोबरी, तिन्ही करून पाहिल्यावर जग बरोबरीवर थांबलंय. ते का थांबलं, हे शोधलं तर तुमच्या भाचीचं उत्तर सापडेल असं मला वाटतं.

पटावरचा_पंच | सोमवार, रात्री ९:०५

मी शहरातल्या स्पर्धांत पंच म्हणून काम करतो (कालच्या स्पर्धेत नव्हतो). पाऊण-पाव गुणांचा विचार कागदावर सोपा वाटतो. स्विस पद्धतीत गुणगटांनुसार जोड्या लावायच्या, टायब्रेक (समान गुण असताना क्रम ठरवायचे निकष) काढायचे, रेटिंग मोजायचं, हे सगळं एक, अर्धा, शून्य यांवर उभं आहे. संगणक पाव गुणही मोजेल, ती खरी अडचण नाही. अडचण अशी की दोन मुलांनी आपसांत ठरवून बरोबरी केली तर अर्धा, आणि एकाने शंभर चाली जिवापाड बचाव करून स्टेलमेट मिळवला तर त्याला पाव. हे मला कुठल्या तोंडाने समजावता येईल?

आणि एक. लहान मुलांच्या फेरीत वजीर जास्त असताना झालेला स्टेलमेट मी इतक्यांदा पाहिलाय की ते घर मला पाठ झालंय. कोपऱ्यातल्या राजापासून घोड्याच्या उडीवर वजीर. एच-८ला राजा, जी-६ला वजीर. दर वेळी तीच जागा.

काळा_घोडा | सोमवार, रात्री १०:३०

आजोबांचा "जग का थांबलं" हा प्रश्न घेऊन बसलो होतो. मला सापडलेलं उत्तर राजा-प्याद्याच्या शेवटात आहे, ते नीट मांडतो.

पांढरा राजा ई-६, पांढरं प्यादं ई-७, काळा राजा ई-८, चाल काळ्याची. डी-८ आणि एफ-८ प्यादं अडवतं, डी-७ आणि एफ-७ पांढरा राजा अडवतो, ई-७च्या प्याद्यामागे राजा उभा म्हणून ते मारता येत नाही. स्टेलमेट. आपण शिकलेलं सगळं ऑपोझिशन, म्हणजे राजांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांची वाट अडवणं, या एका स्थितीवर उभं आहे. कोण आधी समोर येतो, कोणाला बाजूला व्हावं लागतं, एका चालीचा उशीर कसा डाव फिरवतो. स्टेलमेटला विजय म्हटलं की हे सगळं गेलं. राजा प्याद्याच्या बरोबर चालत राहिला की बास, बहुतेक डाव जिंकलाच.

आता मागे या. एका प्याद्याने मागे पडलेला आज सुटू शकतो, उद्या सुटणार नाही. मग ओपनिंगमध्ये हल्ल्यासाठी प्यादं देण्याची हिंमत कोण करेल? आज तो विचार करतो, हल्ला फसला तर निदान शेवटात बरोबरी राखीन. ती आशा काढून घेतली तर मंडळी पहिल्या चालीपासून प्यादी मोजत बसतील. ज्यांना स्टेलमेट रटाळ वाटतो त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

आणि बचावाचं सौंदर्य! १९६३-६४च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत लॅरी इव्हान्स सॅम्युएल रेशेव्हस्कीविरुद्ध साफ हरला होता. त्याने वजीर शह देत फुकट दिला. मग हत्तीने शह देत राहिला, देत राहिला. तो हत्ती मारला तर स्टेलमेट, न मारला तर शह थांबत नाहीत. रेशेव्हस्कीसारख्या दिग्गजाला जिंकलेल्या डावात बरोबरी मान्य करावी लागली. हा डाव पटावर मांडून बघा. असा डाव आपण नियमातून पुसून टाकायचा?

मीटरगेज | मंगळवार, सकाळी ९:०२

घोडेराव, ऑपोझिशनचा मुद्दा मान्य. पण "खेळच बदलून जाईल" ही भीती मोजून बघता येते, आणि ती मोजलीही गेली आहे. २०२० साली डीपमाइंडने माजी विश्वविजेता व्लादिमिर क्रामनिकच्या सोबतीने नियमांचे ९ पर्याय अल्फाझीरो या आपल्या बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक-प्रोग्रॅमकडून खेळवून पाहिले. त्यांतला एक नेमका हाच होता, स्टेलमेट म्हणजे विजय. त्या पातळीवर बरोबरीचं प्रमाण फारसं बदललं नाही. म्हणजे बरोबऱ्या कमी करायला हा बदल उपयोगाचा नाही, आणि खेळाचा कणा मोडेल हेही त्यातून दिसत नाही.

दोन घोडे आणि राजा विरुद्ध नुसता राजा हाही विचार करा. तिथे जबरदस्तीने मात करता येत नाही, पण स्टेलमेट करता येतो. नव्या नियमात तो शेवट जिंकता येईल. दोन घोडे जास्त असून न जिंकणं हे आजही कित्येकांना विचित्र वाटतंच.

काळा_घोडा | मंगळवार, सकाळी ९:४०

अल्फाझीरो चाळीस चाली आधीच अशा शेवटांना वळसा घालून जातो. आपण, तुम्ही-मी आणि ती नऊ वर्षांची मुलगी, खरोखर तिथे पोचतो. नियम आपल्यासाठीही आहे.

गिरगावकर_आजोबा | मंगळवार, दुपारी १:१०

मोठ्यांच्या डावांतही पोचतात हो. १९७८ साली फिलिपीन्समधल्या बाग्विओला कार्पोव-कोर्चनोय विश्वविजेतेपदाच्या लढतीचा पाचवा डाव १२४ चाली चालला आणि स्टेलमेटवर संपला. कोर्चनोयच्या हातून त्याआधी जिंकायची संधी निसटली होती. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते, बरोबरीचा प्रस्तावही समोरासमोर द्यायचा नाही असं चाललं होतं. अखेर कोर्चनोयने उंट असा ठेवला की कार्पोवच्या राजाला घरच उरलं नाही, आणि डाव आपोआप मिटला. आम्ही वर्तमानपत्रातून चाली उतरवून घेऊन खेळायचो. ती शेवटची चाल मांडल्यावर गॅलरीत कुणी बोललं नाही.

२००७ साली मेक्सिको सिटीत आपला आनंद विश्वविजेता झाला, त्या स्पर्धेत क्रामनिकविरुद्धचा त्याचा डावही असाच संपला. क्रामनिकने ६५व्या चालीला राजाने प्यादं मारलं आणि स्टेलमेट झाला. दुसरी कुठलीही चाल खेळला असता तर क्रामनिक हरला असता. आनंदने मानाने ते स्वीकारलं, आणि विजेतेपदही घेतलं.

लेकीची_आई | मंगळवार, रात्री ९:३०

मला बुद्धिबळ फारसं येत नाही. माझी मुलगीही स्पर्धांना जाते, म्हणून हा धागा सुरुवातीपासून वाचतेय. उंटदादा, इतक्या सगळ्यांनी नियमाविषयी लिहिलं, पण एक विचारते, राग मानू नका. जी-७ला मात होती आणि तिने जी-६ला वजीर ठेवला, असं तुम्ही लिहिलंत. तिला विचारलंत का, जी-७ला का नाही ठेवला? आपण मोठे लगेच "लक्ष नव्हतं" म्हणतो. माझी मुलगी चुकते तेव्हा बहुतेक वेळा तिच्याकडे कारण असतं, आणि ते आम्ही विचारलेलंच नसतं.

पटावरचा_पंच | मंगळवार, रात्री ९:५०

ताई, फार चांगला प्रश्न.

उंटसाहेब, भाचीला एक स्थिती दाखवा. पांढरा राजा लांब, जी-७ला. पांढरा वजीर बी-३ला, शह देतोय. काळा राजा बी-१ला, काळं प्यादं सी-२ला, पुढच्या चालीला वजीर व्हायच्या बेतात. चाल काळ्याची. तिला काळ्याच्या बाजूने बसवा आणि विचारा, राजा कुठे नेशील? सी-१ला गेली तर स्वतःच्याच प्याद्याची वाट अडवेल, पांढऱ्या राजाला जवळ यायला वेळ मिळेल, डाव जाऊ शकतो. दुसरं घर कोपऱ्यातलं आहे. काही सांगू नका. तिचं तिला शोधू द्या.

दादरचा_उंट | गुरुवार, रात्री ११:१५

उशीर झाला, पण सांगण्यासारखं घडल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

आधी माझ्या मताविषयी. वसईकर आणि मीटरगेज यांनी माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली, तरी मी ती सोडतोय. काळा_घोडाने लिहिलेलं ई-६, ई-७, ई-८ मी पटावर मांडून बघितलं आणि मग नवा नियम धरून तोच शेवट खेळलो. पाच मिनिटांत कंटाळा आला. विचार करायला काही उरतच नाही, प्यादं ढकलत जायचं. पाव गुणाबद्दल पंचसाहेबांचं म्हणणंही पटलं. बरोबरीच राहू दे.

आज संध्याकाळी बहिणीकडे गेलो होतो. जेवणाच्या टेबलावर पंचसाहेबांची स्थिती मांडली आणि भाचीला काळ्याच्या बाजूला बसवलं. तिने आधी सी-१ पाहिलं. माझा राजा जवळ येताना तिने स्वतःच खेळून दाखवला आणि मोहरी परत मागे ठेवली. मग बराच वेळ गप्प. बहीण पोळ्या करत होती, तिने दोनदा हाक मारली, ही उठली नाही. शेवटी राजा ए-१ला, कोपऱ्यात नेला आणि माझ्याकडे बघितलं. मी सी-२चं प्यादं वजिराने मारलं. तिने राजाच्या डोक्यावर बोट ठेवलं, अगदी त्या मुलाने ठेवलं होतं तसं. ए-२, बी-१, बी-२. "मामा, मला घर नाही," ती ओरडली. "शहपण नाही! स्टेलमेट!" आणि मग हळू आवाजात, "हा वजीर माझ्या वजिरासारखाच बसलाय." कोपऱ्यापासून घोड्याच्या उडीवर. मी काही बोललो नव्हतो.

मी म्हटलं, मी मारलं नसतं तर? म्हणाली, "मग माझा वजीर झाला असता." गाडीत मला जे उत्तर देता आलं नव्हतं, ते तिचं तिनेच शोधलं. त्या दिवशी त्या मुलाकडे काहीच नव्हतं असं तिला वाटत होतं. आज त्याच्या जागी बसल्यावर कळलं की पट मोकळा असताना नुसत्या राजासाठीही एखादं घर मोकळं सोडावं लागतं, आणि ते घर वजीरवाल्याने विचार करून ठेवावं लागतं.

लेकीची_आई, तुमचा प्रश्न मी जेवताना विचारला. जी-७ला का नाही ठेवलास? तिने ताटातून मान वर केली नाही. म्हणाली, "तिथे ठेवला असता तर त्याच्या राजाने खाल्ला असता ना."

मी विचारलं, एफ-६ला कोण होतं?

ती थांबली. मग उठून हात न धुताच पटाकडे गेली, रविवारची स्थिती मांडली, स्वतःचा राजा एफ-६ला ठेवला आणि वजीर जी-७ला नेला.